चॉकलेटमध्ये बुडालेलं चीज आणि माझं शाबूत डोकं

मी, एदुविगेस पाचोन, कै. तेलेस्फोरो यांची पत्नी, वय वर्षे ८१, व्यवसाय शिवणकाम, राहणार तेउसाकियो, बोगोता, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते सिद्ध करावं लागलं, म्हणून आधी ती हकिकत.

मला मूलबाळ नाही. चुलतभावाचा मुलगा नेस्तोर पोरका झाला, त्याला मी वाढवला. गेल्या वर्षी त्याने कोर्टात अर्ज केला, की आत्याला भ्रम झाला आहे, तिचा कारभार माझ्या हाती द्यावा. कारभार म्हणजे हे घर. ते पाडून तिथे बारा मजले उभे करायला एक बिल्डर टपून बसला आहे.

तपासणीसाठी त्याने मुद्दाम डॉ. अमाउरी पादिया यांना आणलं. ते समुद्रकाठचे, बोगोतात येऊन जेमतेम आठवडा झालेला. मी रीतीप्रमाणे गरम चॉकलेट दिलं आणि माझ्या कपात चीजचे तुकडे टाकले.

"आजी, चीज पडलं की टाकलंत?"

"टाकलं. पडायला माझे हात थरथरतात का?"

"चॉकलेटमध्ये? चीज?"

"मग काय खिशात ठेवू? वितळलं की चमच्याने काढून खायचं, बाळा."

त्यांनी दाखल्यात लिहिलं: 'रुग्ण पेयात चीज बुडवते, विचारल्यास हसते.' हा गृहस्थ स्वतः तळलेल्या माशाबरोबर नारळाचा गोड भात खातो, पण तो शहाणा! त्यांच्यावर माझा राग नाही. नेस्तोर शेजारीच बसला होता. 'डॉक्टर, इथे सगळेच असं खातात,' एवढं एक वाक्य त्याने बोलायचं होतं. त्याच चीजवर तो लहानाचा मोठा झाला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या काळजाला ते फार लागलं.

पुढे इस्पितळाच्या उपाहारगृहात डॉक्टरांनी सर्जनपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना चीज बुडवताना पाहिलं आणि तडक माझ्याकडे आले. "आजी, हे तर अख्खं शहरच गेलंय कामातून!" त्यांनी दाखला मागे घेतला, दुसरा लिहून दिला. अर्ज निकालात निघाला. आता वाटणी.

एक. शिवणयंत्र आणि कात्र्या गल्लीतल्या शिवणवर्गाला. कात्रीने कागद कापणाऱ्याला माझा शाप लागेल.

दोन. नेस्तोरची बायको यानेथ हिला माझी चांगुआ करायची पातेली. दुधात अंडं फोडून वर कोथिंबीर घातलेलं हे सार बघून तिला मळमळतं. स्वतः मात्र ती सकाळी पालकाचा हिरवा रस पिते आणि फोटो काढते. पातेली घासून ठेवलेली आहेत.

तीन. हे घर, परसासकट, रोसाल्बाला. बत्तीस वर्षं तिने माझ्याबरोबर स्वयंपाक केला. कोर्टाचा माणूस आला तेव्हा "आधी मला वेडी ठरवा, चीज मीच चिरते," असं म्हणून दारात उभी राहिली ती हीच. तिने घर विकू नये. बिल्डर आला तर त्याला चांगुआ वाढावी.

चार. चॉकलेट घुसळायची लाकडी रवी रोसाल्बालाच. नेस्तोर रविवारी आला तर तिने त्याला कप द्यावा, बायकोदेखत. चीज बशीत ठेवू नये, सरळ आत टाकावं. त्याला आवडतं, मला माहीत आहे. त्याच्यावर माझी माया आहे. घर नाही.

पाच. माझ्या तेराव्याला, म्हणजे आमच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, कोणी बिनसाखरेचं काही आणू नये.

हे मृत्युपत्र नोटरीसाहेबांनी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. मी ऐकलं, पटलं, खाली सही केली.

एदुविगेस पाचोन (सही)

साक्षीदार:
१. डॉ. अमाउरी पादिया (सही). दुसरा कप पिऊन, पूर्ण शुद्धीवर.
२. सेगुन्दो किरोगा, बेकरीवाले (सही).
३. नेस्तोर पाचोन. आत्याने नोटरीकडे बोलावलं म्हणून नवा सूट घालून आला आहे. नोटरीसाहेब सांगतात, ज्याला काही मिळायचं आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. त्याची सही चालते. (सही)

बोगोता, १४ ऑगस्ट २०१८