पाच मीटरची केबल

२ ऑगस्ट, शनिवार
गाडी बुक केली. इलेक्ट्रिक. आठवड्यात घरी येणार. आता घरी चार्जर बसवायचा. शोरूमवाला म्हणाला, काळजी नको, आमचा माणूस येऊन बसवून जाईल. मी नुसता हसलो. खरेदी विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला हा सांगतो, आमचा माणूस येईल! तीन कोटेशन आल्याशिवाय मी कंपनीत खोडरबरसुद्धा घेऊ दिलं नाही.

नवी फाईल उघडली. हिरवी. वर लिहिलं: ‘घरगुती चार्जर, निवड व उभारणी’. मार्चमध्ये रिटायर झाल्यापासूनची पहिली फाईल. हातात घेतल्यावर फार बरं वाटलं.

मुदत ३१ ऑगस्ट. १ सप्टेंबरला बायको मुख्याध्यापिका म्हणून रुजू होतेय. शाळा पस्तीस किलोमीटर लांब. आधी दोनदा बढती आली होती, दोनदा तिने नाही म्हटलं. दोन बस बदलून सकाळी साडेसातला पोचणं तिला रोज जमणारं नव्हतं. या खेपेला मी म्हटलं, घे तू, रोज मी सोडीन आणि मीच आणीन. शब्द दिलाय.

३ ऑगस्ट, रविवार
बायकोने विचारलं, तुमचा तो तुलनात्मक तक्ता नेमका कसा करतात? सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या कामात रस. सविस्तर समजावलं. डावीकडे निकष, वर तीन पुरवठादार, खाली शेरा, शेवटी मंजुरीची सही. सही नसेल तर कागद रद्दीत. तिने लिहून घेतलं. उशिरा का होईना, कदर झाली.

५ ऑगस्ट, मंगळवार
वायरमन आला. कानावर पेन्सिल, तोंडात ‘बघू’. मीटर पोर्चच्या आतल्या भिंतीला, उजव्या कोपऱ्यात आहे. ते बघून म्हणाला, साहेब, साधं सोळा अँपिअरचं सॉकेट लावू, अर्थिंग नीट करू, गाडीबरोबर चार्जर येतोच. रात्री लावली की सकाळी फुल. समोरच्या डॉक्टरांकडे तेच केलंय.

समोरचे डॉक्टर म्हणजे दातांचे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस, त्याचं बघून मी विजेचे निर्णय घेऊ? वायरमनला म्हटलं, हे पहिलं कोटेशन समजतो, लेखी द्या. त्याने कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली.

७ ऑगस्ट, गुरुवार
बायको हल्ली सकाळी सहाला तासभर फिरायला जाते. बूट घालून. मी तिला किती वर्षं सांगतोय, तब्येत सांभाळ. शेवटी ऐकलं.

९ ऑगस्ट, शनिवार
गाडी आली! पांढरी. शोरूमचा ड्रायव्हर घेऊन आला. रिव्हर्समध्ये एका दमात पोर्चमध्ये लावली. मी बाजूला उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होतो, त्यामुळे पार्किंग जवळपास मीच केलं असं म्हणायला हरकत नाही.

टेप घेऊन मापं घेतली. गाडीचं चार्जिंगचं तोंड मागच्या डाव्या चाकाच्या वर. गाडी उभी आहे तशी ते बरोब्बर मीटरखाली येतं. अंतर एक मीटर दहा सेंटिमीटर. तक्त्यात नोंद केली. बॅटरी ६२ टक्के.

चार्जर बसेपर्यंत गाडी हलवायची नाही असं ठरवलं. उगाच बॅटरी का जाळा? बायको म्हणाली, एक चक्कर तरी मारू या. मी म्हटलं, शिस्त.

१२ ऑगस्ट, मंगळवार
निकष ठरवले. एकूण अकरा. वेग, सुरक्षितता, हमी, ॲप, दिव्याचा रंग वगैरे. ‘प्रतिष्ठा’ हा निकष बायकोने वाचला आणि चष्मा काढून पुसला.

दोन कोटेशन आली. तिसरं येत नाही. तीनशिवाय पुढे जाता येत नाही. थांबणे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
तिसरं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
तिसरं नाही. बायकोने विचारलं, तुमचं कोण ऑडिट करणार आहे आता? असले प्रश्न विचारणारे लोक कंपनीतही होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
तिसरं आलं! आणि काय माल आहे. काळी काच, टच स्क्रीन, निळा दिवा, मोबाईलवर ॲप. अकरा निकषांत ९४ गुण. वायरमनच्या सॉकेटला ३१. दुसऱ्या चार्जरला ८८ पडत होते, पण त्याची केबल साडेसात मीटर. तेवढी लांबी लागते कुणाला? भिंतीवर वेटोळं घालून बसलेलं अजागळ दिसतं. सहा गुण कापले. आपल्या चार्जरची पाच मीटर. लागणार एक मीटर दहा. जवळजवळ साडेचार पट. इतका चोख हिशेब आमच्या वेळी खरेदी विभागातही कमी जणांना जमायचा.

वायरमन म्हणाला, केबल लांब घ्या, नाहीतर चार्जर फाटकाजवळ घेऊ. मग विचारलं, साहेब, रोज रिव्हर्स लावणार ना गाडी? मी म्हटलं, अर्थात. बायको चहा घेऊन आली होती, ती कप तसाच हातात धरून उभी राहिली.

नंतर तिने विचारलं, रिव्हर्स घेताना नक्की कुठल्या आरशात बघायचं असतं? वीस मिनिटं समजावलं. ती म्हणाली, दोन्हीत आळीपाळीने बघायचं ना? कुठून तरी वाचलेलं अर्धवट ज्ञान. वास्तविक हिच्याकडे एकोणीस वर्षं लायसन आहे. ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतं. सुरुवातीला दोनदा मी शेजारी बसून मार्गदर्शन केलं होतं. त्यानंतर तिचा रसच गेला. काहींना ड्रायव्हिंगची मुळात ओढच नसते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
ऑर्डर दिली. आज जरा मोकळा आहे म्हणून खरं ते लिहितो. मार्चपासून फोन वाजतो तो फक्त कर्ज हवंय का विचारायला. सकाळी मी दाढी करून तयार होतो आणि मग कुठे जायचं ते आठवत नाही. या घरात माझ्यावाचून अडावं असं काही उरलेलं नाही. १ तारखेपासून अडेल. सव्वासहाला एका माणसाला मी लागणार आहे. रोज. म्हणून हे काम चुकून चालणार नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार, दुपार
चार्जर बसला. तीन दिवस हातात ठेवून. निळा दिवा लागला तेव्हा अंगावर काटा आला. डॉक्टर समोरून बघत होते. हात केला.

वायफाय पोर्चपर्यंत पोचत नाही, त्यामुळे ॲप चालत नाही. किरकोळ. वायरमनने पाच मिनिटं गाडी लावून दाखवली, चार्ज होते. म्हणाला, आता लावूनच ठेवा. मी काढायला लावली. पहिलं चार्जिंग पूर्ण रिकाम्या बॅटरीवर झालं पाहिजे. आमच्या पहिल्या मोबाईलच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. डॉक्टर रस्त्यापलीकडून म्हणाले, या बॅटऱ्यांना तसं काही लागत नाही. मी म्हटलं, धन्यवाद.

योजना: शनिवारी शाळेपर्यंत दोन फेऱ्या. बॅटरी रिकामी, रस्त्याचा सराव. रविवारी चार्ज. सोमवारी मोहीम.

३० ऑगस्ट, शनिवार, सकाळी ९
निघालो. गाडी तोंड बाहेर करून उभी असल्यामुळे लोण्यासारखी बाहेर आली. जुनी गाडी मी तोंड आत करून लावायचो आणि निघताना बायको रस्त्यात उभी राहून रहदारी थांबवायची. ते दिवस संपले.

तोच दिवस, संध्याकाळी ५.१०
दोन फेऱ्या पूर्ण. एसी जोरात, खिडक्या उघड्या, बॅटरी ९ टक्के. सगळं ठरल्याप्रमाणे. आता फक्त गाडी लावायची.

६.५०
गाडी लावायची आहे.

७.१५
फाटक अरुंद आहे. हे कुणी तक्त्यात घेतलंच नव्हतं. एक तास चाळीस मिनिटं प्रयत्न केला. डाव्या आरशाला खांब लागला. खांबाचा दोष. गाडीतला रिव्हर्सचा सेन्सर सारखा पीं पीं करत होता, त्याने एकाग्रता जाते. डॉक्टर खुर्ची घेऊन बाहेर बसले होते. त्यांची बायकोही. मग कुणीतरी त्यांना चहा आणून दिला.

शेवटी नेहमीसारखी तोंड आत करून लावली. आता चार्जिंगचं तोंड फाटकाजवळ, डाव्या अंगाला. चार्जर आतल्या उजव्या कोपऱ्यात. केबल गाडीवरून नेली, गाडीखालून नेली. दीड हात कमी पडते.

बायकोने आतून एक ओला फडका आणला आणि आरशावरचा चुना पुसला.

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळी ८
रात्रभर विचार केला. दोष तंत्राचा होता, माझा नव्हे. जेवणाच्या टेबलावर काडेपेटी आणि दोन मिठाच्या बाटल्या घेऊन सराव केला. अकरापैकी अकरा वेळा काडेपेटी आत. पूर्ण आत्मविश्वास.

१०.३०
काडेपेटी आणि गाडी यांत फरक आहे. उजव्या आरशालाही चुना. बॅटरी ७ टक्के.

११
वायरमनला फोन. चार्जर फाटकाजवळ हलवायचा म्हटलं. तो म्हणाला, नवा पाइप, नवी वायर, गुरुवारी बघू. एक्स्टेन्शन बोर्ड लावू का विचारलं, तर म्हणाला, साहेब, घर जाळायचंय का? आवाज चढवला नाही त्याने. त्यामुळे जास्त लागलं.

१२.४०
जवळचं सार्वजनिक चार्जिंग स्टेशन बंद आहे. त्यापुढचं आहे तिथवर सात टक्क्यांत पोचण्याची हमी नाही. डॉक्टरांनी निरोप पाठवला, आमच्याकडे लावा, सॉकेट मोकळं आहे. नको म्हणून कळवलं. एवढा मान ठेवलाच पाहिजे.

३.३०
बायकोने उद्यासाठी साडी काढून खुर्चीवर ठेवली. मग बसचं वेळापत्रक काढलं. पहिली बस पाच दहाची. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. तिला शब्द दिला होता. कंपनीत माझ्यामुळे एकही डिलिव्हरी कधी चुकली नाही. आणि ही चुकवली, ९४ गुणांचा चार्जर भिंतीवर असताना.

मी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं की डॉक्टरांकडे गाडी लावतो, मीच विचारायला जातो. हे बोलायला मला किती जड गेलं ते इथे लिहीत नाही.

ती म्हणाली, थांबा जरा. किल्ली द्या.

मला वाटलं, तिची छत्री गाडीत राहिली असेल.

६.२०
घडलं तसं लिहितो. तिने माझ्याकडे न बघता फाटक पूर्ण उघडलं. गाडी बाहेर काढली. एकदा पुढे घेतली, थांबली, एक आरसा, दुसरा आरसा. आणि रिव्हर्समध्ये सरळ आत. एका दमात. शोरूमच्या ड्रायव्हरपेक्षा निवांत. समोरून टाळ्या आल्या. मी ‘येऊ दे’ म्हणायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं.

केबल लावली. निळा दिवा लागला.

सकाळचं फिरणं! बूट! आरसे! सगळ्या गल्लीला माहीत असणार. मी सोडून.

१ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ६.३०
गाडी १०० टक्के. मी साडेपाचला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. तिने विचारलं, तुम्ही कुठे निघालात? मग तिच्या लक्षात आलं. तिने माझी कॉलर नीट केली. म्हणाली, “आज मला एकटीला जायचंय हो. पहिलाच दिवस आहे, आणि शेजारी कुणी बोललेलं चालणार नाही.”

गाडीत बसून काच खाली केली. “फाईलमध्ये एक कागद ठेवलाय. सही राहिलीये तुमची.”

गेली. वळणावर इंडिकेटरसुद्धा दिला.

७
कागद बघितला. ‘ड्रायव्हिंग स्कूल निवड, तुलनात्मक तक्ता’. तारीख ३ ऑगस्ट. तीन स्कूल, तीन रकाने, रेघा पट्टीने मारलेल्या. निकष पहिला: सकाळची वेळ. दुसरा: रिव्हर्स किती दिवस शिकवतात. तिसरा: शेजारी बसणारा ओरडतो का. निवड झालेल्या स्कूलच्या बाईंसमोर लिहिलंय, ‘नाही. अजिबात नाही.’

खाली शेरा: ‘घरात एक अनुभवी चालक उपलब्ध आहे. स्वभावाने चांगला. पण फक्त पुढे जातो.’

त्याखाली मंजुरीची जागा. कोरी.

तक्त्यात चूक शोधली. वीस मिनिटं. सापडली नाही. असा स्वच्छ तक्ता माझ्या हाताखाली कुणी केला नव्हता.

७.२५
मेसेज आला. ‘पोचले. वेळेच्या आधी.’ दोनदा वाचला. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

८
सही केली. ‘मंजूर’. खाली तारीख टाकली, ३ ऑगस्ट. अठ्ठावीस वर्षांत मागची तारीख मी कधी टाकली नव्हती, कुणाला टाकू दिली नव्हती. पण आता कागदोपत्री तरी हा निर्णय माझा आहे.

फाईल बंद केली.

दुपारी ४.४०
फाटक उघडून उभा होतो. चार वाजल्यापासून. गाडी एका दमात आत. मी एक शब्द बोललो नाही. ती उतरली, दमलेली, खूश. कागद बघितला, तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “उद्यापासून केबल तुम्ही लावत जा. मला वाकवत नाही.”

तिला वाकता येतं. मला माहीत आहे.

केबल मी लावली. पोचली.