पापणीमागची काच

पुउमाला, शनिवार, १६ ऑगस्ट १९८६
सायंकाळी पावणेनऊ, हनुवटी छातीला टेकवून बसलो आहे.

ती. इर्मेलीताईस सा. न. वि. वि.

तू घेऊन दिलेल्या लेन्स आज सौनातही, म्हणजे वाफेच्या न्हाणीतही, काढल्या नाहीत. एरवी आपण सगळे दारातल्या खिळ्यांना चष्मे अडकवून आंधळ्यासारखे आत जातो. आज प्रथमच सगळे स्पष्ट दिसले. तौनोमामा म्हणाले, की असा टकामका काय बघतोस, शिंप्यासारखे माप घेतोस काय?

मग तळ्यात बुडी मारली, आणि उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले. पायऱ्यांवर, टॉवेलात शोधले, लेन्स नाही. ती मागे सरकून आतल्या पडद्यापर्यंत गेली असणार. बाबांचा उजवा डोळा पडदा सुटूनच गेला ना? म्हणून मान खाली ठेवली आहे. आईला बोललो नाही.

तुझा,
वेसा

तुर्कू, १९ ऑगस्ट

चि. वेसा यास अ. उ. आ.

अरे शहाण्या, मान वर कर! लेन्स म्हणजे काय लोळत जाणारा वाटाणा आहे? पण खरे सांगते, पत्र वाचून मीही घाबरले. चष्म्यापायी तू नाचाला जात नाहीस म्हणून मीच मागे लागले होते. पत्र मिळताच सावोनलिन्नाच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जा. लाजू नकोस.

वाट पाहणारी,
इर्मेली

पुउमाला, २२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

डोळा शाबूत आहे, हे आधी लिहितो.

बाईंनी वरची पापणी उलटी केली आणि घडी पडलेली लेन्स चिमट्याने काढली. म्हणाल्या, की पापणीमागे बंद पिशवी असते, पुढे वाटच नाही. लेन्स बुबुळावर बसून उजेड पडद्यावर नीट पाडते. पडद्याला ती शिवत नाही, बिघडवत नाही, बळकटही करत नाही. आपले डोळे लांबट, म्हणून पडदा ताणलेला; चष्मा लावा की लेन्स, ते तसेच राहणार. मग थेंब घालून त्यांनी दोन्ही पडदे तपासले. डावीकडे कडेला थोडा पातळ आहे, पण भोक नाही. पोहताना मात्र लेन्स काढायच्या. विजेसारखे चमकले किंवा काळे ठिपके बरसले, तर त्याच दिवशी यायचे. डोळे मिटूनही चमकत राहिले, तर ती आभाळातली वीज नव्हे.

हे बाबांना सांगितले. ते जाळे विणत होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. मग म्हणाले, की डोळा गेला त्या ऑगस्टात त्यांना नऊ दिवस चमकताना दिसत होते. राय या धान्याच्या कापणीच्या दिवसांत तळ्यावर गडगडाटाशिवाय वीज लवते, तीच समजून ते कापणी करत राहिले. डोळे मिटून पाहायला कोणी सांगितलेच नाही, म्हणाले.

काल संध्याकाळी आम्ही दोघे धक्क्यावर उभे होतो. पलीकडे वीज लवू लागली. बाबांनी मला डोळे मिटायला लावले आणि काय दिसते ते विचारले. काही नाही, म्हणालो. पुन्हा विचारले. काहीच नाही. मग म्हणाले, की उघड आता, छान लवते आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
वेसा