कॉम्प्युटरची वाटणी

मुक्काम धार, कार्तिक वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप आक्कासाहेबांचे चरणी धाकटा बंधू विश्वासराव याचा दंडवत. इकडे आम्ही देहानं ठीक आहोत, डोकं तेवढं जागेवर नाही. तुमचा गुडघा कसा आहे? टेकडीच्या पायऱ्या चढणं सोडलंत की डॉक्टरच बदललात? (दुसरंच केलं असणार.) पत्र लिहायचं कारण, दसऱ्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. नैवेद्याच्या क्रमावरून मी 'आईसाहेब असं करत नसत' म्हणालो, ते चुकलं. पण आता त्याहून मोठा घोटाळा झालाय. तीन वर्षं रोज दुपारी चारला तुम्ही फोनवर सांगितलेत आणि मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, ते आपल्या घराण्याच्या कुलाचाराचे एकशे बारा कागद माझ्या हातून पुसले गेले. बसा. पाणी प्या. मग पुढं वाचा.

झालं असं की आमची सूनबाई माधवी पीथमपूरच्या एका औषध कारखान्याचं ऑफिसकाम घरून करू लागली. घरात कॉम्प्युटर एकच. तिच्या ऑफिसच्या कामाचं आणि माझ्या जुन्या मराठी टायपिंगचं काही केल्या जमेना. एक चालू केलं की दुसरं रुसून बसे. शेवटी दुकानातल्या धीरजला बोलावलं. तो म्हणाला, "काका, इसी में दूसरी विंडोज डाल देते हैं, दोनों का चूल्हा अलग!" म्हणजे यंत्र एक, पण कारभार दोनदा बसवायचा, मधे भिंत. तुम्ही देवासात नांदलेल्या, तुम्हाला काय समजवायचं! थोरली पाती, धाकटी पाती. संस्थानाच्या काळी गाव एक, राज्यं दोन. (आमच्या चिरंजीवांना, राजवर्धनला, हे सांगायला गेलो तर म्हणाला, "पापा, इतिहास मत सुनाओ.") अख्खा रविवार त्यात गेला. तीनदा चहा, दोनदा पोहे-जलेबी, आणि मधेच लाईट गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हापासून बटण दाबलं की पडद्यावर दोन नावं येतात, दोन्ही हुबेहूब सारखी. अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं नाही तर ते आपणहून माधवीच्या हद्दीत नेऊन सोडतं. अर्धं मिनिट मला चष्मा शोधायलाच लागतं. मग बंद करा, परत चालू करा, परत चष्मा. वैताग नुसता!

आणि यातली प्रत्येक पाती स्वतःला सी म्हणते, दुसरीला डी. माझ्याकडून पाहिलं तर मी सी आणि माधवी डी. तिच्याकडून पाहिलं तर ती सी आणि मी डी. मी मात्र वहीत एकदाच लिहून ठेवलं होतं, 'डी म्हणजे सूनबाई.' दिवाळीनंतर तिला ऑफिसनं लॅपटॉप दिला. मला वाटलं, आता तिचा हिस्सा खालसा करून आपल्या राज्याला जोडावा. (हो, हाव सुटली. सदुसष्टाव्या वर्षी.) धीरजला फोन लावला, तो म्हणाला, डी को फॉर्मेट मार दो. मारलं. यंत्रानं विचारलं, सगळं पुसू का? कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस मी, विचारणा आली की 'होय' लिहून मोकळा. पुसून झाल्यावर ध्यानात आलं की चष्म्याच्या नादात मी माधवीच्या हद्दीत बसलो होतो. तिथून डी म्हणजे मीच.

त्या दिवशी जेवलो नाही, आक्कासाहेब. रडू आलं. तुमच्यावाचून तो कुलाचार पुरा कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा राग सोडा, फोन उचला आणि पहिल्यापासून सांगा.

आपला आज्ञाधारक,
विश्वासराव

ता. क. घाबरू नका, कागद सुखरूप आहेत. माधवीनं पहिल्या दिवसापासून नक्कल पेनड्राइव्हवर ठेवली होती ("बाबा, आपका भरोसा नहीं था"). हे कळलं तेव्हा पत्र लिहून झालं होतं, फाडवेना.

पुन्हा ता. क. म्हणजे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी फोन करा. काहीही बोला, रागवा. मला 'विशू' म्हणणारं तुमच्याशिवाय आता कोणी राहिलं नाही.