ओळ संपली की थांबते

पप्पा, गेल्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत मी माझं पहिलं एकटीचं गाणं रेकॉर्ड करायला गेले आणि तुमच्यामुळे पार फजिती झाली. शब्द माझे, चाल माझी. आज जमलं नाही तर पुन्हा हिंमत होणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी डोळे मिटून गातेय आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट सारखा हात वर करतोय. शेवटी वैतागून आत आला. "ताई, गळा झ्याक हाय तुमचा, पण ओळ संपली की कुणाची वाट बघाय लागलाईसा? तबला फुडं गेला की!"

कुणाची नाही, म्हटलं. परत गायले, परत थांबले.

आता त्याला काय सांगू? फाउंड्रीत तुमचे कान निम्मे गेलेले. चर्चमध्ये मी माइकपुढे उभी आणि तुम्ही बाकावर, माइकशिवाय, तरी माझ्यापेक्षा मोठ्याने. अख्खी मंडळी ओळ संपवून श्वास घेते तेव्हा तुम्ही निम्म्यावर असता, आणि सुराचा तर पत्ताच नसतो. पाळकसाहेब एकदा हळूच म्हणाले, "मनातल्या मनात गायलं तरी देवाला पोचतं." तेही तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी आवाज वाढला! मी शाळेतली पोरगी, लाजेने अर्धमेली व्हायचे. पण तुम्हाला एकट्याला मागे टाकून पुढची ओळ उचलवत नसे, म्हणून थांबायला लागले. मग सगळेच थांबायला लागले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आमची मंडळी दर ओळीला थांबते, आणि नव्या पाळकांना वाटतं, चालच तशी आहे.

मला एकटीने गायचंय, असं एकदा जेवताना म्हणाले होते. तुम्ही रस्सा ओरपत विचारलंत, "एकटीच गाणार व्हय? मग आमेन कोण म्हणणार?" तेव्हा मी ताटावरून उठले होते. त्या दिवशी स्टुडिओत ते आठवलं आणि रडूच कोसळलं. रेकॉर्डिस्ट बिचारा घाबरला, चहा मागवला. "असू दे ताई, गावा तुमच्या पद्धतीनं. मी कापतो मागनं."

त्याने सगळं थांबणं कापलं. गाणं आता झकास पळतं, लोकांना आवडलंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. न कापलेलं गाणं मी त्याच्याकडून मागून घेतलंय. घरी कुणी नसलं की लावते आणि मधल्या जागांत तुमच्यासारखं ओरडून बघते. पप्पा, तुमच्याइतकं बेसूर मला अजून जमत नाही.