शिष्येची नडगी

५ जानेवारी, सोमवार

कॉलेजच्या मार्गदर्शिका योजनेत माझी निवड झाली. नाव मीच दिलं होतं, पण निवड ती निवडच. नोकरीधंद्यात नाव काढलेल्या बायकांनी एकेका खेळाडू मुलीला हाताशी धरायचं आणि मैदान सुटल्यावर पोटापाण्याचं काय, हे तिला शिकवायचं, अशी योजना. विमा कंपनीच्या दावे विभागात केस पांढरे केलेल्या बाईला माणसं वाचायला वेगळं शिकावं लागत नाही. अपघाताचा क्लेम घेऊन आलेला माणूस खरंच लंगडतोय की माझं टेबल दिसल्यावर लंगडायला लागला, हे तो खुर्ची ओढायच्या आत मी सांगते. मोठे साहेब पाहुण्यांना हे कौतुकाने ऐकवतात.

वन्संनीही नाव दिलंय. फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून काय झालं? लोकांचे गुडघे वाकवणं वेगळं, आयुष्य घडवणं वेगळं. हे म्हणाले, तुम्ही नणंद-भावजय एकाच योजनेत असाल तर मुलींना हेल्मेट वाटा. बहिणीचा विषय निघाला की यांना विनोद सुचतात.

संकल्प: कमी बोलायचं, जास्त ऐकायचं.

९ जानेवारी, शुक्रवार

पहिली भेट, माझ्या केबिनमध्ये. मुलगी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत धावते. उंच, काटक, मितभाषी. इथे तिला ‘शिष्या’ म्हणायचं ठरवलं. हल्ली हा शब्द कोणी वापरत नाही. शिष्याच उरल्या नाहीत, शब्द कुठून उरणार?

तासभर उत्तम संवाद झाला. बोलले मीच, पण तिने ऐकलंही तितक्याच ताकदीने. आमची कंपनी दरवर्षी एक खेळाडू ट्रेनी म्हणून घेते, हे सांगितल्यावर ती खुर्चीच्या टोकावर सरकली. घरात पगाराची नोकरी अजून कोणी केलेली नाही, म्हणाली. मग तिला सगळं नीट समजावलं: मोठे साहेब फेब्रुवारीत आंतरमहाविद्यालयीन फायनल बघायला जातात, आणि पुढच्याच आठवड्यात मुलाखती घेतात. साहेब तरुणपणी स्वतः धावत असत. निदान त्यांच्या आठवणीत तरी.

निघताना तिने विचारलं, मॅडम, काही दुखतखुपत असलं तर ऑफिसात कोणाला सांगतात? म्हटलं, कोणालाच नाही. दुखणं दाखवलं की माणूस फाईलमधून बाद. “बरं मॅडम,” म्हणाली.

ग्रहणशक्ती चांगली आहे.

१७ जानेवारी, शनिवार

मुलाखतीचा सराव. शिष्या एक पाय लांब करून बसली. पोश्चर सुधारलं. पाय पुन्हा लांब झाला. पुन्हा सुधारलं. तेव्हा म्हणाली, मॅडम, डाव्या नडगीत कळ येते, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल अशी.

नडगी! क्लेमच्या दुनियेत पाठीच्या खालोखाल संशयास्पद अवयव. तिला प्रेमाने समजावलं की हे मनोजन्य आहे. मोठी संधी समोर आली की मन पळवाट काढतं, आणि धावपटूचं मन अर्थातच पायांतून काढणार. गाणारी असती तर घसा बसला असता. ती माझ्याकडे बघत राहिली. बहुधा मुद्दा पटला.

कोचना सांगितलंस का, असं सहज विचारलं. नाही म्हणाली, सांगितलं तर ते संघातून काढतील. म्हटलं, बघ, तुझं तुलाच कळतंय.

साहेबांना आजच सांगून टाकलं, या वर्षी माझी मुलगी सुवर्णपदक आणतेय. साहेब म्हणाले, मग मी टोपी घालून येतो.

२५ जानेवारी, रविवार

वन्सं समोरच्या फ्लॅटमधून जेवायला. तिला स्वतःचं स्वयंपाकघर आहे, पण त्यात तिला सल्ला द्यायला कोणी नसतं. भात वाढून घेताना म्हणाली, “वहिनी, तुमची मुलगी डावा पाय वाचवते. मी मैदानावर पाहिलं. एकदा माझ्याकडे पाठवा, एक्स-रे काढून घेऊ.”

दुसऱ्याच्या शिष्येवर डोळा ठेवणं कोणत्या शास्त्रात बसतं? म्हटलं, तुझी गोलकीपर आहे ना, तिच्या करिअरचं बघ. तर म्हणते, “तिला करिअरआधी झोप हवीय. आमच्या पहिल्या दोन भेटींत ती माझ्या सोफ्यावर झोपली. तिसऱ्या भेटीत बोलायला लागली.”

याला मार्गदर्शन म्हणतात!

यांनी मध्ये तोंड घातलं. म्हणाले, एक एक्स-रे काढला तर बिघडलं काय? म्हटलं, बिघडत काही नाही, पण एकदा एक्स-रे काढला की त्यात काहीतरी सापडतंच. हे म्हणाले, त्यासाठीच तर काढतात. आमटी वाढून विषय संपवला.

२८ जानेवारी, बुधवार

तरीही शंका नको म्हणून शिष्येची रीतसर तपासणी केली. ऑफिसच्या लांब कॉरिडॉरमधून दावेदारांना चालवते तसं तिला जाऊन यायला सांगितलं. सरळ गेली, सरळ आली. लंगडण्याचं नाव नाही. बावीस वर्षांची नजर आहे, तिला चुकायची सवय नाही.

परत आली तेव्हा खालच्या ओठावर दात रुतून रक्त आलेलं दिसलं. हवा फार कोरडी आहे. माझ्या पर्समधलं व्हॅसलीन दिलं. अशा छोट्या गोष्टींतूनच नातं जुळतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मैदानावर गेले. लांबून पाहिलं तर वारा पळतोय असं वाटावं. सातवा अडथळा ओलांडला आणि शिष्या कडेच्या गवतावर बसली. दोन्ही हातांनी नडगी धरून. कोच पलीकडे भालाफेकवाल्या पोरींवर ओरडत होते. कोच वळले तशी ही उठून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती.

शेजारी जाऊन उभी राहिले. मान वर न करता तिने विचारलं, मॅडम, फायनल धावलेच नाही, तर साहेब मुलाखत घेतील का?

खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, साहेबांना जिंकणारी माणसं आवडतात, हरणारी चालतात, पण न उतरणारी त्यांना दिसतच नाहीत. हे वाक्य मी तिथल्या तिथे रचलं. बरंच जमून आलं.

“बरं मॅडम.”

आजचं ‘बरं मॅडम’ थोडं उशिरा आलं. थकली असेल.

घरी येताना गाडीत उगाचच माझीच नडगी चाचपून पाहिली. ठणठणीत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी

प्राथमिक फेरी पार! दुसरी आली. उद्या फायनल, लेन चार. शेवटचा अडथळा पायाला लागून पडला, आणि रेषेनंतर ती दोन मुलींच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेली. खेळीमेळीचं वातावरण.

साहेबांना मेसेज केला. उत्तरात टोपीचं चित्र आलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

उद्याची साडी काढत होते, तेवढ्यात शिष्येचा फोन. मॅडम, पाय टेकवत नाहीये. आवाज नेहमीसारखाच, फक्त फार हळू. ही धीर देण्याची वेळ होती. म्हटलं, अगं, पदक गळ्यात पडतं, पायात नाही.

फोन कट झाला की काय म्हणून दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाली, “मॅडम, तुमची मुलगी असती तर तिलाही हेच सांगितलं असतं?”

मला मुलगी नाही, मुलगा आहे, आणि तो बुद्धिबळ खेळतो, अशी वस्तुस्थिती सांगितली. ती ‘बरं मॅडम’ म्हणाली नाही. फोन ठेवला गेला.

निळी साडी की करडी? साहेबांशेजारी बसायचंय. करडी.

थोड्या वेळाने समोरचं दार आपटलं. खिडकीतून पाहिलं तर वन्सं गाडीची किल्ली दातात धरून, एका हाताने कोट चढवत पळत होती. कोणाचा तरी गुडघा अडला असेल.

हे विचारतात, जेवत का नाहीस? भूक नाही. उद्याची उत्सुकता, दुसरं काही नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार, स्टेडियममध्येच लिहितेय

साहेब आले. टोपी पांढरी. मुली एकेक करून लेनमध्ये उभ्या राहतायत. तीन. पाच. सहा.

शिष्या वॉर्मअप करत असेल. मोठे खेळाडू शेवटच्या क्षणी येतात.

लेन चारमध्ये अडथळे तेवढे उभे आहेत, ओळीने.

साहेब दुर्बीण मागतायत. काय बघायला?

फोन केला. उचलत नाही.

पिस्तूल उडालं. सगळ्या धावल्या. चार नंबरचे अडथळे शेवटपर्यंत तसेच उभे. कोणी ओलांडले नाहीत, कोणी पाडले नाहीत. साहेबांना म्हटलं, काहीतरी स्ट्रॅटेजी असेल. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग वन्संचा फोन. नडगीच्या हाडाला चीर आहे, कित्येक आठवड्यांची. प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, आज धावली असती तर हाड दुभंगलं असतं आणि पुन्हा अडथळ्यांसमोर उभी राहिली नसती. कोच दवाखान्यात येऊन सगळ्यांवर ओरडून गेले, की मला कोणी सांगितलं कसं नाही?

साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही बोलली होती का ती? मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या शर्यतीचं पिस्तूल उडालं. खेळांमध्ये पिस्तूल का ठेवतात, ते आज कळलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

भेटायला गेले. शिष्या वन्संच्या सोफ्यावर झोपलेली. प्लास्टर उशीवर. मी सफरचंदं नेली होती. ती कुठे ठेवावी हे ठरेना, म्हणून बराच वेळ धरून उभी होते.

वन्संने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाली, “वहिनी, पायाचं तिने तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, ते तिने मला सांगितलंय. मी कुठे बोलणार नाही.”

चिडली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

तसं पाहिलं तर मला स्पष्ट असं कोणी काही सांगितलंच नव्हतं. नडगीत कळ येते म्हणजे नेमकं काय? शिवाय मुलगी चालून दाखवण्यात पास झाली होती. पद्धत बरोबर होती, पाय चुकीचा निघाला.

२५ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी

साहेबांनी मुलाखतींची यादी बदलली नाही. तिचं नाव आहे. पॅनेलवर साहेब, मनुष्यबळ विभागाच्या बाई आणि मी. साहेब विचारणार, माघार का घेतली? ती सांगणार. न सांगण्याचं तिला कारणच काय?

उत्तरं तयार ठेवली आहेत. पहिलं: ती मला बोलली नव्हती. दुसरं: बोलली होती, पण संदिग्ध. तिसरं: मी काही डॉक्टर नाही. तिसरं सगळ्यांत भक्कम आहे. पण लंगडणं मी दारातून ओळखते, ही कथा साहेबांनी इतक्या पाहुण्यांना ऐकवली आहे, तिचं काय करायचं?

डबा विसरून निघतेय. हे जिन्यात ओरडून आठवण करतायत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कुबड्या टेकत आली. शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि प्लास्टरचा पाय तीवर सरळ ठेवला. कोणाची परवानगी मागितली नाही. चांगली बोलली. पंधरा मिनिटांत साहेब दोनदा हसले. मी एकही प्रश्न विचारला नाही. पेन्सिलीला टोक करत राहिले.

मग साहेबांनी विचारलंच. वर्षभर मेहनत करून ऐन फायनलला माघार. हे सोपं नसतं. कोणी सांगितलं?

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर चाललं असतं, रागीट नजरा मी रोज टेबलावर झेलते. राग नव्हता.

म्हणाली, “मॅडमनी, सर. पाय आधी, नोकरी मागाहून, म्हणाल्या.”

साहेब खुर्चीसकट माझ्याकडे वळले. म्हणाले, मला वाटलंच होतं! यांची नजर! मनुष्यबळवाल्या बाईंनी माझा हात दाबला. पाठ केलेली तिन्ही उत्तरं तोंडात होती, त्यांतलं एकही इथे चालणारं नव्हतं. “थँक यू,” म्हटलं.

तिची निवड झाली. प्लास्टर निघालं की रुजू. साहेब म्हणाले, अर्थात दावे विभागात, तुमच्या मॅडमच्याच हाताखाली. ती अदबीने म्हणाली, सर, शक्य असेल तर दुसरा कुठलाही विभाग चालेल.

तिला लिफ्टपाशी गाठलं. श्वास लागला होता. विचारलं, असं का सांगितलंस?

कुबडी सावरत म्हणाली, “मग काय सांगणार होते, मॅडम? तुमचा चेहरा पाहिलात का? शेजारच्या लेनमधली पडली तर आधी तिला उठवायचं असतं. कोणामुळे पडली, ते मागाहून.”

खाली वन्संने गाडीचा हॉर्न दिला. “आले गं ताई,” म्हणून ओरडली, आणि लिफ्टचं दार लागलं.

हे मी तिला शिकवलेलं नाही.

घरी येऊन वही पहिल्या पानापासून चाळली. कुठेच नाही.