महिन्याला पाव फेरा

५ एप्रिल

प्रिय भाऊजींना अ. उ. आ.

यांच्या पाठीचं ऑपरेशन नीट झालं. माझ्या स्वयंपाकाला अजून नावं ठेवत नाहीत, यावरून तब्येत किती नाजूक आहे ते ओळखा. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी बसून काम करा, पण गाडी चालवणं विसरा. त्या दिवसापासून यांनी तोंडाला कुलूप लावलंय. जीपमागे जोडून न्यायचा, शिलाई मशीन दुरुस्तीचा आपला ट्रेलर अंगणात उभा आहे, तो दिसू नये म्हणून खिडकीचा पडदा दिवसभर ओढलेला असतो. पंधरा वर्षं आम्ही दोघं तो घेऊन गावोगाव फिरलो. हे कायमचे असेच गप्प राहिले तर, या विचाराने रात्री उठून मी यांचं घोरणं ऐकत बसते.

तुम्ही टायरच्या दुकानात आहात, म्हणून विचारते. उभ्या उभ्या टायर बसकण मारायला लागलेत. ते सहा महिने कसे सांभाळायचे? यांना विचारायची सोय नाही.

लोभाचीही हवा अधूनमधून तपासत जा.

तुमची वहिनी

१४ एप्रिल

ती. सौ. वहिनीस शि. सा. न.

टायर पळून झिजतो, पण उभा राहून लवकर खराब होतो. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करा. चमकवायचं तेलबिल लावू नका, रबर तडकतं. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो, तेवढी भरा आणि दर महिन्याला बघा. खाली जाड फळ्या, पुढे-मागे ठोकळे आणि वरून जाड कापड, कारण ऊन टायरचा वैरी. महिन्यातून एकदा जीप जोडून चाक पाव फेरा फिरवा, म्हणजे भार एकाच जागी पडत नाही. जीप तुम्हाला येते, तेव्हा जास्त शहाणपणा न करता जमेल.

एक स्पष्टच लिहितो, रागावू नका. दादा चालवणार नसेल तर ट्रेलर ठेवून करायचं काय? इथला एक शिंपी घ्यायला तयार आहे, ऑक्टोबरात येईल. दादाला मी समजावीन.

माया आहे तशी ठेवा, थोडी वाढली तरी तक्रार नाही.

आपला लहान दीर

२२ सप्टेंबर

प्रिय भाऊजींना अ. उ. आ.

पाव फेरा म्हणालात, पण कुठल्या बाजूला ते लिहिलं नाहीत. ट्रेलर मागे घ्यायला मला येत नाही, म्हणून दर महिन्याला पुढेच घेतला. या महिन्यात जीप फाटकाला टेकली. मग केलं धाडस. ट्रेलर आडवा होऊन थेट शेजारणीच्या कुंपणात!

तेवढ्यात खिडकीचा पडदा सर्रकन सरकला. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवतात, आणि डोळे मिटून गाडी कोण मागे घेतं, असं हे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. पाच महिन्यांत यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडले. मला लागलं असं समजून हे कमरेचा पट्टा बांधून, काठी टेकत अंगणात आले.

तेव्हापासून रोज चहानंतर अंगणात खुर्ची टाकून माझी शिकवणी चालते. पावसाळी पाण्याचा एक पाइप मी वाकवला, त्याची चौकशी करू नका. काल ट्रेलर एका दमात मागे घेतला. हे काही बोलले नाहीत. आमच्याकडे यालाच शाबासकी म्हणतात.

शिंप्याला नाही म्हणून कळवा. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही निघतोय. मी चालवणार, हे बसून मशीन दुरुस्त करणार. डॉक्टर म्हणाले, जवळजवळचे पल्ले घ्या आणि दर तासाला थांबा, म्हणजे हरकत नाही. शेजारीण कुंपण विसरली आहे, तुम्ही शिंप्याचं विसरा, मीही विसरले.

खाली यांना काही लिहायचंय, जागा सोडते.

तुमची वहिनी

अरे शहाण्या,

वहिनीला सगळं सांगितलंस, पण टायरचं वय बघायला सांगितलं नाहीस. कडेवरच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन म्हणजे साल. काल वाकता आलं नाही, म्हणून आरसा धरून वाचले. टायर सात वर्षांचे झालेत, वरून कितीही चांगले दिसू देत. मी चालवत असतो तर आणखी वर्षभर रेटले असते. आता ती चालवणार आहे. सोमवारच्या आत दोन नवे घेऊन तू स्वतः ये.

दादा