कालव्याकाठचं बे एके बे

बाई, मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात एक अमेरिकन मुलगी राहायला आली. मुलगी म्हणजे चौतिशीची. पळणं हाच तिचा व्यवसाय. लांब पल्ल्याच्या शर्यती पळायच्या आणि त्यावर जगायचं. हे मी तुम्हाला सांगितलं असतं तर गळ्यातली शिट्टी हातात खेळवत तुम्ही नक्की म्हणाला असता, 'मग आपण काय फुकटच पळून राहिलो का इतकी वर्षं?' तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मी आता आयर्लंडमध्ये, मलिंगारच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. नागपूरच्या आपल्या शाळेची, मैदानाची आठवण काढायला इथे वेळ होतो असं नाही. पण ही शेजारीण आली आणि तुमच्याशी बोलायचं साठत गेलं.

तिची गोष्ट मला कुंपणापलीकडून तुकड्यातुकड्यांनी कळली. शाळेत असल्यापासून पळायची. कॉलेजनं शिष्यवृत्ती देऊन नेलं, तिथं दहा हजार मीटर, मग मॅरेथॉन. बुटांच्या एका कंपनीनं करार केला, पोस्टरवर फोटो लागले. मग पायाच्या एका बारीक हाडाला चीर गेली. ती भरली, ही पळाली, आणि त्याच जागी पुन्हा चीर गेली. कंपनीनं करार संपवला. तिसऱ्यांदा हाड गेलं तर पळणं विसरायचं, असं तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. इथं तिच्या आजीचं घर रिकामं होतं. पाय बरा होईपर्यंत राहावं म्हणून आली आणि कोरोनानं सगळं जगच बंद झालं. तिला फक्त एक मॅरेथॉन हवी होती. शेवटची, आपल्या देशात, धड पायानं संपवलेली. हे ती रडगाणं न गाता सांगायची, भाजीचा भाव सांगावा तशी. मला तिचं फार कौतुक वाटायचं, अजून वाटतं.

घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचा नियम होता, त्यामुळे सगळं गाव कालव्याकाठच्या वाटेवरच. मी आणि माझी लेक संध्याकाळी चालायला जायचो. पहिल्यांदा तिला पळताना पाहिलं तेव्हा लेक (इथल्या पोरांसारखी ती आईला मॅम म्हणते) माझी बाही ओढून म्हणाली, "मॅम, शी'ज द प्रोफेशनल? युअर मॅन विथ द बगी'ज आफ्टर पासिंग हर!" खरंच, बाळाची ढकलगाडी घेऊन पळणारा एक बाप्या तिच्या पुढे निघून गेला होता. मी लेकीला म्हटलं, "हळू बोल गं, ऐकू जाईल." ऐकू गेलंच. ती थांबून हसली. म्हणाली, हळू पळणं हेच तिला आयुष्यात जमलेलं नाही. मनगटावरचं घड्याळ टीं टीं करून सांगायचं, वेग कमी कर. आणि ते टीं टीं ऐकलं की तिचा पाय हट्टानं आणखी जोरात पडायचा. हाड त्यापायीच गेलं होतं. मी म्हटलं, आमच्या बाईंकडे यावर एक उपाय होता. तिनं लगेच हात हलवून "ओके, बाय!" केलं आणि निघाली. बाई म्हणजे बाय असं समजली ती! इथली माणसं फोन ठेवताना बाय-बाय-बाय-बाय असं एका दमात म्हणतात ना, तेव्हा मला नेहमी वाटतं, वर्गातल्या सगळ्या पोरी तुम्हाला एकदम हाका मारताहेत. मी तिला परत बोलावलं आणि तुमच्याबद्दल सांगितलं.

सकाळची वेळ आहे, ऊन चढायच्या आत. तुम्ही नेसूच्या साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सायकलवर, आम्ही पोरी मैदानाला फेऱ्या मारतोय. मी वैतागून म्हणते, "बाई, रोज तेच तेच, नुसतं बे एके बे!" तुम्ही रागावत नाही. म्हणता, "मग म्हण ना बे एके बे. मोठ्यानं. पाढा तुटला की चालायचं." तो दिवस आणि पुढची सगळी वर्षं, आम्ही पाढे म्हणत पळालो. एकदा मी सगळ्यांच्या पुढे निघाले होते, फार मिजाशीत. तुम्ही सायकल शेजारी आणलीत आणि विचारलंत, "बे साते?" माझ्या तोंडून चौदा निघेना. "दम खा पोरी, काहून धापा टाकून राहिली? तू पळत नाहीस, तू पळून जाऊन राहिली." आणि मला शेवटच्या पोरीच्या मागे चालायला लावलंत. तेव्हा फार लागलं होतं ते. शेजारणीला मी हे इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. पळणं आणि पळून जाणं यातला फरक सांगून झाल्यावर तिनं मनगटावरच्या घड्याळाची टीं टीं बंद केली.

मग म्हणाली, शिकव. बे म्हणजे काय, तिनं विचारलं. दोन, मी म्हटलं. म्हणजे दोन केळी मागताना बे म्हणायचं? छे, बे फक्त पाढ्यात असतो, बाहेर त्याला कुणी ओळखत नाही! तिला ते भयंकर आवडलं. माझी लेक, जी मराठीला इंग्रजीतच उत्तर देते, तीच तिचे उच्चार सुधारायला लागली. "नॉट ड्यूने. दुणे. से णे." सगळा हिवाळा, पावसात, चिखलात, ती बे एके बे म्हणत हळू पळाली. ढकलगाडीवाला रोज पुढे जायचा, ती जाऊ द्यायची. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी मला विचारलं, "इज शी सेइंग हर प्रेयर्स?" मी हो म्हटलं. "आह, ग्रँड," म्हणाले. पाठीवर शाबासकीची थाप नाही, टाळ्या नाहीत, आणि तरी रोज बाहेर पडणं. बाई, शर्यती जिंकणारे मी टीव्हीवर पुष्कळ पाहिले. स्वतःचा वेग असा गिळून टाकणारी ही एकच पाहिली.

यंदा शरदात ती अमेरिकेत पळाली. आम्ही मायलेकी लॅपटॉपसमोर बसलो होतो, माझं सगळं लक्ष तिच्या पायाकडे. पुढच्या घोळक्यात ती नव्हतीच. शेवटी शेवटी दोघी तिला मागे टाकून गेल्या, आणि तिनं त्यांना जाऊ दिलं. कॅमेरा जवळ आला तेव्हा तिचे ओठ हलत होते. लेक ओरडली, "मॅम! बे त्रिक सहा!" ती नंबरात आली नाही. दोन्ही पायांवर, सरळ, न लंगडता आली. माइक घेतलेल्या माणसानं विचारलं, वाटभर काय पुटपुटत होतीस, कुणी शिकवलं? ती धापा न टाकता हसली आणि म्हणाली, "बाई."

त्या माणसाला वाटलं, ती निरोप घेतेय. "बाय, अँड वेल डन!" म्हणून त्यानं हात हलवला आणि चित्र बदललं. तुम्ही गेलात तेव्हा मी परीक्षेत होते, मला कुणी कळवलंच नव्हतं. लॅपटॉपकडे बघत माझाही हात वर गेला. लेकीनं विचारलं, "हू आर यू वेव्हिंग अ‍ॅट?" मी म्हटलं, कुणाला नाही गं. बाई, ते खोटं होतं.